हवालदारांची उदबत्ती

"इंजन चालू ठिव, त्वांड बंद ठिव."

हवालदारांच्या शेडमध्ये गाडी घेऊन कोणीही आला की त्याचं स्वागत या शब्दांनी व्हायचं. गिऱ्हाईक लहान की मोठं, याला तिथं किंमत नव्हती. मिरजेतले नावाजलेले डॉक्टर गाडीची काच खाली करून आजाराचं वर्णन सुरू करत, आणि हवालदार तळहात वर करून त्यांना पहिल्याच वाक्यावर थांबवत. हेच डॉक्टर आपल्या दवाखान्यात रोग्याला धड वाक्य पुरं करू देत नसत. इथं मात्र ते शाळेतल्यासारखे हाताची घडी घालून बसत. मला ते बघायला फार आवडायचं.

तुमच्यापैकी कोणी त्या काळात मिरजेत राहिलं असेल तर ती शेड तुम्ही पाहिली असणार. मिरजेहून सांगलीला जाताना डाव्या हाताला, एका चिंचेखाली, पत्र्याची. पाटी नव्हती. दारात कायम चार गाड्या उभ्या असत आणि त्यांच्यामध्ये खाकी अर्ध्या चड्डीतले, लष्करी पद्धतीनं केस कापलेले, बुटके हवालदार. फौजेत तोफा ओढणाऱ्या गाड्यांवर त्यांनी वीस वर्षं मेकॅनिकी केली होती. गाव माण तालुक्यातलं. पेन्शनीवर आल्यावर गावी न जाता ते मिरजेत राहिले, कारण गावी शेत होतं पण त्यात पीक येत नव्हतं, आणि मोटार तर अख्ख्या गावात कुणाकडे नव्हती.

मी तेव्हा मिरजेतल्याच एका सरकारी कचेरीत जीप चालवत होतो. कचेरी पाण्याची. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांत विहिरी नि बोअरिंगची कामं बघायची. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आमची जीप दिवसाला शंभर मैल धावायची आणि साहेब मागं बसून नकाशे बघायचे.

हवालदारांची माझी ओळख दुष्काळाच्या आदल्या वर्षी झाली, तीही जीपमुळंच. उभी असली की ती थरथरायची. चालताना ठीक, पण थांबलो की हिवताप भरल्यागत हलायची आणि बंद पडायची. तीन मेकॅनिकांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर दोनदा खोलला. शेवटी कोणीतरी चिंचेखालच्या शेडचा पत्ता दिला.

मी तोंड उघडलं आणि हवालदारांनी ते बंद करायला सांगितलं. मग त्यांनी खिशातून वीतभर लांबीची काळी रबरी नळी काढली. एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून सावकाश फिरवलं. डॉक्टर छातीवरून नळी फिरवतात तसंच, फक्त श्वास घ्या-सोडा म्हणायची गरज नव्हती. काचेच्या खाली, वायपरकडे जाणाऱ्या पाइपापाशी त्यांचा हात थांबला. त्या जुन्या जीपमध्ये वायपर इंजिनाच्या ओढीवर चालायचे. इंजिन एका पाइपातून हवा ओढून घेई आणि त्या जोरावर वायपर हाले. हवालदारांनी तो पाइप दोन बोटांत चिमटला. थरथर तिथंच थांबली.

"फाटलाय," ते म्हणाले. "इंजन हितनं चोरून हवा खातंय."

मला पटेना. पाऊस चार महिने झाला नव्हता, वायपरला हातही लावला नव्हता, आणि त्याच्या पाइपासाठी इंजिन बंद पडावं? हवालदारांनी मला काही समजावलं नाही. पाइपाचा तुकडा बदलला, मला गाडीत बसवलं आणि जा म्हणून हात केला. त्या दिवसापासून मी जीप दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या कामात एक फरक पडला. नळी खिशातच राहू लागली आणि तिच्या जागी उदबत्ती आली.

पद्धत अशी की इंजिन सुरू ठेवायचं, उदबत्ती पेटवायची आणि तिचा धूर एकेका पाइपाजवळून न्यायचा. पाइप धड असला तर धूर सरळ वर जातो. कुठं बारीक चीर असली तर इंजिन तिथून हवा ओढत असतं, आणि धुराची रेघ वाकून त्या चिरेत शिरते. पेट्रोलच्या जवळ विस्तव न्यायचा म्हणजे गंमत नव्हे. शेजारी ओलं पोतं ठेवलेलं असे आणि कार्बोरेटरच्या बाजूला ते उदबत्ती चुकूनही नेत नसत.

पण बघणाऱ्याला पाइप दिसत नाही आणि चीर तर त्याहून नाही. त्याला एवढंच दिसतं की हा माणूस हात धुऊन आला, उदबत्ती लावली, आणि डोळे बारीक करून इंजिनाला ओवाळतोय. वर तोंड बंद ठेवा म्हणतोय. लोकांनी काढायचा तो अर्थ काढला.

कडेगावच्या एका ऊसवाल्या बागायतदारांनी याची सुरुवात केली. उदबत्ती पेटलेली दिसताच त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडून उभे राहिले. ड्रायव्हरलाही डोळ्यांनी खुणावलं. दोष सापडला, गाडी सुरळीत झाली, तशी त्यांनी पुढच्या वेळी नारळ आणला. त्यांचं बघून दुसऱ्यानं हळदकुंकू आणलं. कोणीतरी गुरुवार चांगला म्हणालं आणि गुरुवारी शेडसमोर गाड्यांची रांग लागायला लागली. एका डॉक्टरीणबाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं की हवालदारांना कुणाची दीक्षा आहे.

मी हवालदारांना म्हटलं, "तुमी सांगा की लोकास्नी, ही पूजा न्हाई म्हणून."

ते गालात हसले. "ऱ्हाऊ दे. पूजा चालल्यावर कोन बोलत न्हाई."

हे उत्तर मला त्या दिवशी विनोद वाटलं. जमलेले नारळ हवालदार माझ्या घरी धाडत होते, त्यामुळे मीही फार खोलात गेलो नाही.

खरा प्रकार मला अपघातानं कळला. एका दुपारी मी शेडच्या मागच्या अंगानं आत शिरलो. हवालदार बाकड्यावर बसून, माझ्याकडे पाठ करून, बशीतून चहा पीत होते. माझ्या पायाचा धक्का लागून जॅक कलंडला आणि त्यावर टेकवलेला गाडीचा लोखंडी ड्रम खालच्या पत्र्यावर आदळला. चिंचेवरचे कावळे उडाले. रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून थांबला. हवालदारांच्या बशीतला चहा हललाही नाही. त्यांनी उरलेला घोट घेतला, बशी पुसली, उठायला म्हणून वळले, आणि मी दिसलो.

माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. त्यांनी खाली पडलेला ड्रम बघितला, मग मला बघितलं.

"कळलं न्हवं तुला?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. एक कान तोफांजवळ गेला होता. दुसरा धरून होता, पण गेल्या वर्षभरात तोही गेला. नळी कानाला लावली तरी काही येईना, म्हणून उदबत्ती. माणसांनी बोलूच नये म्हणून ते दरडावणं. समोरचा सावकाश बोलला तर ओठांवरून त्यांना बरंच कळायचं, पण गाडीवाले सावकाश बोलत नाहीत. इंजिनाचा ठोका बघायचा तर लांब पेचकस दातांत धरायचा आणि टोक इंजिनाला टेकवायचं, म्हणजे तो दातांतून कळतो. त्यांना वाईट एकाच गोष्टीचं वाटत होतं, आणि ते त्यांनी हसत हसत सांगितलं. अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं कान, नाक, डोळे दाखवायला मिरजेला येतात, आणि त्यांना मात्र मिरजेत कान दाखवायची सोय नव्हती. कानाच्या डॉक्टरांची काळी गाडी त्यांच्याच शेडमध्ये यायची.

"कुनाला बोलू नगंस गड्या," ते म्हणाले. "मेकॅनिकचा कान गेला म्हंजी समदं गेलं. मग माणात जाऊन बसायचं न् आभाळाकडं बघायचं. लय बगितलं आभाळ."

मी शब्द दिला. हवालदारीणबाईंना ठाऊक होतं आणि आता मला. तिसरा माणूस नव्हता. तो शब्द मी वर्षभर पाळला, आणि त्याचा मला अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीकडं बोअर मारायची नवी गाडी आली. मोठा ट्रक आणि त्यावर कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरचं इंजिन परदेशी होतं आणि त्याला टर्बो होता. आमच्याकडं तोवर हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. साहेबांनी मला तो समजावला. इंजिनाचा धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो, आणि तो पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, जादा डिझेल, जादा ताकद. दिसायला ती वस्तू लोखंडी गोगलगाईसारखी होती.

ही गाडी माणात, दहिवडीच्या पुढं एका वाडीवर लावली होती. चार दिवस त्या वाडीला, मग पुढचं गाव, असा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी शंभर-सव्वाशे फुटांवर भोकातून दगडाची पूड वर यायची थांबली. कॉम्प्रेसरला हवा पुरेना. नुसतं चालवलं तर इंजिन एखाद्या गवयासारखं सुरात. ओझं टाकलं, म्हणजे भोक मारायला जुंपलं, की मान टाकायचं. काळा धूर नाही, खडखड नाही, काही नाही. ऑपरेटरनं दीड दिवस सगळं खोलून बघितलं. साहेब म्हणाले, टर्बो गेला, मुंबईहून नवा मागवावा लागेल. म्हणजे महिना तरी. पुढच्या गावची माणसं आधीच येऊन बांधावर बसली होती. गाडी हलणार तर आमच्याकडं आणा, इथं अडकून ठेवू नका, म्हणत होती. वाडीची माणसं काहीच म्हणत नव्हती. भोकाभोवती बसून होती.

मी साहेबांना म्हटलं की हवालदारांना आणतो.

"तो उदबत्तीवाला?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण दुसरा इलाज नव्हता. मी पहाटे निघालो आणि दुपारी हवालदारांना घेऊन परत आलो.

बोअरच्या गाडीचा आवाज तुम्ही कधी जवळून ऐकलाय का? शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. तिथं सगळेच खुणांनी बोलत होते. ऑपरेटर तमिळ मुलखातला, मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता, तो तर सदाच खुणांवर. हवालदार त्याच्यासमोर उभे राहिले आणि दोघांचं हातवाऱ्यांनी असं काही जमलं की बघत राहावं. ओझं टाकलं की काय होतं, कुठवर उतरलं की काय होतं, काय काय खोललं, सगळं पाच मिनिटांत झालं. वर्षभरात मी त्यांना इतकं मोकळं बघितलं नव्हतं. तिथं सगळेच बहिरे होते, आणि सवय फक्त त्यांना होती.

मग उदबत्ती निघाली. वाडीकरांनी ती पाहिली मात्र, सरपंच घराकडं पळाले आणि नारळ घेऊन आले. गुरव आला, त्यानं घंटा आणली, जिचा आवाज त्यालाही येत नव्हता. बायकांनी लांबूनच पदर सावरले. हवालदारांनी कुणालाच अडवलं नाही.

पंचाईत वाऱ्याची झाली. माणात मे महिन्यात मोकळ्या रानात वारं कसं असतं ते सांगायला नको. धूर धरून ठेवणं शक्य नव्हतं. हवालदारांनी इकडंतिकडं बघितलं, आणि मेंढरांमागं उभ्या असलेल्या धनगरांच्या खांद्यांकडं बोट केलं. चार जणांनी चार घोंगड्या धरल्या, इंजिनाभोवती आडोसा झाला, आणि आत हवालदार नि मी. वर ऊन, समोर तापलेलं इंजिन, भोवती लोकर. मला अजून तो वास आठवतो.

इंजिन नुसतं चालत होतं तेव्हा धूर सगळीकडं सरळ गेला. हवालदारांनी खूण केली, ऑपरेटरनं ओझं टाकलं. इंजिनानं मान टाकली. धूर पुन्हा पाइपांवरून फिरायला लागला. टर्बोच्या खाली एका जागी तो थबकला, आणि आत शिरायच्या ऐवजी बाहेर फेकला गेला.

हवालदार थांबले. त्यांच्या आजवरच्या सगळ्या इंजिनांत धूर आत ओढला जायचा. इथं उलटं. त्यांनी ओझं काढायला लावलं, धूर सरळ झाला. टाकायला लावलं, पुन्हा बाहेर. तीन वेळा केलं. मग थुंकीनं बोट ओलं केलं आणि हात खाली घातला. हात भाजला असणार, पण काढला नाही. बाहेर आला तेव्हा त्यात करंगळीएवढा बारीक रबरी पाइप होता, उन्हानं नाही पण टर्बोच्या झळीनं तडकलेला. चीर इतकी बारीक की पाइप वाकवला तरच दिसावी.

पुढं साहेबांनी मला त्याचं काम सांगितलं. टर्बोनं हवा कोंबायला सुरुवात केली की त्या दाबाची खबर या पाइपातून डिझेलच्या पंपाला जाते, आणि पंप जादा डिझेल सोडतो. पंगतीला किती पानं वाढली हे आचाऱ्याला कळलंच नाही, तर तो पहिल्या अंदाजानंच भात टाकणार. टर्बो धडधाकट होता. त्याचा निरोप वाटेत सांडत होता.

तेवढ्या बारीक मापाचा पाइप तिथं कुठं मिळणार? हवालदारांनी खिशातून ती कानाला लावायची काळी नळी काढली. माप बरोबर होतं. त्यांनी ती एकदा बोटांनी दाबून पाहिली आणि चाकूनं कापली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

ओझं टाकलं. इंजिनाचा सूर बदलला, भोकातून भसकन पांढरी पूड वर आली आणि नारळ धरून उभ्या असलेल्या सरपंचांना तिनं पिठासारखं माखून टाकलं. दिवस मावळायच्या आत पाणी लागलं. फार नव्हे, पण वाडीपुरतं लागलं. लोकांनी हवालदारांना खांद्यावर घेतलं. साहेब जीपला टेकून बघत होते, आणि मी त्यांच्या शेजारी.

"काय कान आहे या माणसाचा," साहेब म्हणाले. "एवढ्या गोंगाटात."

माझ्या जिभेला हाड नाही. मला वाटलं, यांनी चुकीचं कौतुक करू नये, खरं करावं. जे खरं होतं ते याहून कितीतरी मोठं होतं, आणि ते एकट्या मला ठाऊक होतं.

"कान कसला साहेब," मी म्हणालो. "वर्ष झालं, त्यांना काहीच ऐकू येत न्हाई."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग हवालदारांकडं. साहेबांचे डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगतो. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

त्यांनी ही गोष्ट जिथं तिथं सांगितली. कचेरीत, सांगलीला बैठकीत, मिरजेत डॉक्टर मंडळींबरोबर पत्ते खेळताना. हवालदारांचं मोठेपण सांगण्यासाठीच सांगितली. ऐकणारे सगळे थक्क झाले, सगळ्यांनी तोंडात बोटं घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून आपापल्या गाड्या दुसरीकडं न्यायला लागले.

कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. रस्त्यात दिसले तर लोक पूर्वीपेक्षा अदबीनं नमस्कार करत. पण ज्याला आवाज येत नाही त्याच्या हातात गाडी कशी द्यायची, असं प्रत्येकाच्या मनात आलं, आणि वर्षभर आपण त्याच्याच हातात दिली होती नि ती उत्तम चालली होती, हे कुणाच्या मनात आलं नाही. कडेगावचे बागायतदार यायचे थांबले. गुरुवार इतर वारांसारखे झाले. कानाच्या डॉक्टरांनी गाडी आणणं सर्वांत आधी बंद केलं, आणि त्याच आठवड्यात निरोप पाठवला की या, तुमचे कान फुकट तपासतो.

हवालदार कान दाखवायला गेले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी मनापासून तपासलं आणि शीरच गेलीय, उपाय नाही, असं सांगितलं.

मी पंधरा दिवस त्यांच्याकडं फिरकलो नाही. मग एका सकाळी गेलो. शेडमध्ये एकही गाडी नव्हती. हवालदार पाने पुसून मांडत होते, मापानं, एकाखाली एक. मी त्यांच्या समोर बसलो, ओठ दिसतील असा, आणि सावकाश म्हणालो, "हवालदार, साहेबास्नी मीच सांगितलं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "आनि कोन सांगनार? दोघांलाच तर म्हाईत हुतं."

मी खाली बघायला लागलो. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. रागानं नाही. खाली बघितलं तर त्यांना माझं बोलणं दिसलं नसतं.

"साहेब काय म्हनला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. साहेब म्हणाले, असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही.

हवालदार हसले. त्यांचं हसणं चांगलं होतं, सगळे दात दिसायचे.

"जिल्ह्यात न्हाई," ते म्हणाले. "आता मिरजंत बी न्हाई."

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. मी तो प्यालो आणि उठलो.

आमची जीप मी त्यांच्याकडंच नेत राहिलो. शेडमध्ये येणारी ती शेवटची गाडी होती. महिन्याभरानं साहेबांनी मला बोलावलं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे. पण गाडी सरकारी आहे. उद्या काही झालं तर मला विचारतील. यापुढं सांगलीला दाखवत जा."

मी हो म्हणालो. नोकरी होती, घर होतं, आणि नाही म्हणण्याचा माझा स्वभावही नव्हता. हवालदारांनी पाऊस संपता संपता शेड सोडली आणि बाईंना घेऊन गावी गेले. जायच्या दिवशी मी सातारला होतो. म्हणजे साहेबांनी पाठवलं नव्हतं, मीच मागून घेतलं होतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, जीप पहिल्यांदा सांगलीला दाखवायला नेली त्या सकाळी. दुसरा रस्ता नव्हता. शेड जवळ आली तसा माझा पाय आपोआप ब्रेककडं गेला, आणि मग मला ते दिसले. चिंचेखाली बाकड्यावर, रस्त्याकडं पाठ करून बसले होते. मानेवरचे केस नुकतेच कापलेले दिसत होते. त्यांनी वळून बघितलं असतं तर मला थांबावं लागलं असतं. जीपचा पत्रा खडखडत होता, गिअर बदलताना तो करकरलाही. ते वळले नाहीत. मी त्यांच्या पाठीमागून, दहा हातांवरून निघून गेलो, आणि हवालदारांना ऐकू येत नाही याचं त्या सकाळी मला बरं वाटलं.